रोमचा आराखडा: आधी वार ठरवा, मग तारीख. कोलोसियम, व्हॅटिकन आणि बाकीची ठिकाणं चुकामूक न होता कशी बघायची

टूर कंपनीबरोबर न जाता स्वतःच रोमला जाणारी मंडळी आता घरोघरी आहेत. निघण्याआधी बरेच जण मला त्यांचा आराखडा पाठवतात आणि मला त्यात तेच तेच घोळ दिसतात. व्हॅटिकन म्युझियम रविवारी ठेवलेलं असतं. कोलोसियम आणि व्हॅटिकन एकाच दिवसात कोंबलेलं असतं. तिकिटावर नाव निम्मंच असतं. विमानाचे एवढे पैसे भरून, आई-बाबांना घेऊन तिथे पोचायचं आणि दारातून परत फिरायचं, हे फार लागतं. म्हणून क्रमाने लिहिते आहे. टप्पे याच क्रमाने करा, कारण पुढचा टप्पा मागच्यावर उभा आहे.

## टप्पा १: कोरा कागद घ्या आणि त्यावर वार लिहा

माणसं आधी स्वस्त विमान शोधतात आणि मग मिळालेल्या तारखांत ठिकाणं बसवतात. रोममध्ये हे उलट करावं लागतं, कारण तिथे वाराला महत्त्व आहे.

रविवार: व्हॅटिकन म्युझियम बंद. अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा. त्या दिवशी प्रवेश फुकट असतो, पण दुपारी साडेबारापर्यंतच आत घेतात आणि गर्दी अशी की सिस्टीन चॅपलपर्यंत (म्युझियमच्या आतलं, मायकेलअँजेलोच्या छतचित्रांचं प्रार्थनागृह) ढकलत ढकलतच पोचायचं. फुकट आहे म्हणून हा दिवस धरू नका.

महिन्याचा पहिला रविवार: कोलोसियम आणि सरकारी संग्रहालयं फुकट. त्या दिवशी रोमकरही बाहेर पडतात, त्यामुळे कोलोसियमची रांग लांबच लांब जाते. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर हा दिवस मोकळा सोडा.

सोमवार: बोर्गेझे गॅलरी (चित्रं आणि शिल्पांचं संग्रहालय) बंद.

बुधवार: पोप रोममध्ये असले की सकाळी सेंट पीटर्सच्या चौकात त्यांची जाहीर भेट असते. तेवढा वेळ बॅसिलिकात, म्हणजे सेंट पीटर्सच्या मोठ्या चर्चमध्ये, पर्यटकांना सोडत नाहीत आणि चौकही अडलेला असतो. तुम्हाला त्या भेटीलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर व्हॅटिकन बुधवारी नको.

आता आपल्याकडच्या सुट्ट्यांचं बघू. आपण बहुतेक मे महिन्यात नाहीतर दिवाळीत निघतो. १ मे हा आपला महाराष्ट्र दिन, आणि त्या दिवशी व्हॅटिकन म्युझियमलाही सुट्टी असते. दिवाळीच्या आगेमागे येणारा १ नोव्हेंबरही तिथे बंद. शिवाय २५ एप्रिल आणि २ जून हे इटलीचे राष्ट्रीय दिवस. त्या दिवशी सरकारी ठिकाणी फुकट प्रवेश असतो, म्हणजे पुन्हा तीच गर्दी.

पूर्ण तीन दिवस हातात असतील तर मी सुचवते ती मांडणी अशी: रविवारी दुपारी पोचा आणि आराम करा. सोमवारी कोलोसियम, फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि त्याला लागूनची पॅलेटाइन टेकडी. मंगळवारी व्हॅटिकन. बुधवारी बोर्गेझे, पँथिऑन (प्राचीन रोमन देऊळ, आता चर्च) आणि जुन्या शहरातली पायपीट. गुरुवारी निघा. तो रविवार महिन्याचा पहिला असला तरी बिघडत नाही, कारण त्या दिवशी तुम्ही कुठेच जाणार नसता.

तपासा: कागदावर प्रत्येक ठिकाणापुढे वार लिहिला का? वर दिलेल्या बंद दिवसांशी कुठे टक्कर होते का? हे जुळलं की मगच विमानाकडे वळा.

## टप्पा २: पासपोर्ट समोर ठेवून नावं लिहून काढा

हा टप्पा लोकांना वायफळ वाटतो आणि नेमका इथेच आपल्या लोकांना फटका बसतो. ऑक्टोबर २०२३ पासून कोलोसियमचं तिकीट नावावर असतं आणि दारात ते ओळखपत्राशी ताडून बघतात.

आपल्याकडे फॉर्म भरताना हात आपोआप आडनावाकडे जातो: पाटील सुनीता रमेश. शाळेच्या दाखल्यापासून ती सवय आहे. तिथला फॉर्म मात्र दोन रकाने देतो, पहिला नावाचा आणि दुसरा आडनावाचा. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुतेकांचं स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. तेव्हा पहिल्या रकान्यात ‘सुनीता रमेश’ असं अख्खं लिहायचं आणि दुसऱ्यात ‘पाटील’. लग्नानंतर बँकेत नाव बदललं, पण पासपोर्टवर माहेरचंच आहे, असंही पुष्कळ घरांत असतं. अशा वेळी पासपोर्टवर जे आहे तेच लिहायचं. घरी काय म्हणतात, आधारवर काय आहे, याचा इथे संबंध नाही.

घरातल्या सगळ्यांची नावं, जन्मतारखा आणि पासपोर्ट क्रमांक एका कागदावर रोमन लिपीत, पासपोर्टवरच्या स्पेलिंगने उतरवून ठेवा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ताडायचं. पुढच्या प्रत्येक बुकिंगला हाच कागद समोर ठेवायचा.

सावध: आडनावाचं स्पेलिंग नवऱ्याच्या पासपोर्टवर एक आणि बायकोच्या पासपोर्टवर वेगळं, असं आपल्याकडे सर्रास सापडतं. एकाचं बघून दुसऱ्याचं भरू नका.

## टप्पा ३: व्हिसा

थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसाचा (इटलीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. शेवटच्या तारखेची वाट बघू नका. मे महिन्यासाठी अपॉइंटमेंट मिळतानाच नाकी नऊ येतात. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्जाला हॉटेलचं बुकिंग जोडावं लागतं, ते फुकटात रद्द करता येईल असंच घ्या. ठिकाणांची तिकिटं मात्र बहुधा परत होत नाहीत, हे पुढच्या टप्प्यात डोक्यात असू द्या.

हॉटेल निवडताना मेट्रो स्टेशनापासून चालत दहा मिनिटांत असावं एवढंच बघा. ए लाइन व्हॅटिकनकडे जाते आणि बी लाइन कोलोसियमकडे. दोन्ही तेर्मिनी स्थानकात एकमेकींना भेटतात. शहराचा पर्यटन कर माणशी, दर रात्रीचा, वेगळा भरावा लागतो. तो खोलीच्या भाड्यात धरलेला नसला तर तुमची फसवणूक झाली असं समजू नका.

## टप्पा ४: तिकिटं, उघडतील त्या क्रमाने

आधी व्हॅटिकन. म्युझियमची तिकिटं साधारण ६० दिवस आधी खुली होतात. अधिकृत संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट व्हीए’ असा होतो. ती व्हॅटिकन या स्वतंत्र देशाची खूण आहे. शेवट ‘डॉट कॉम’ असेल तर तो मध्यस्थ आहे असं समजा. तिकीट २० युरो आणि आगाऊ बुकिंगचे ५ युरो, असे २५ युरो माणशी पडतात. ते ५ युरो वाचवू नका. ते भरले की तुम्ही म्युझियमच्या भिंतीकडेने लागणाऱ्या लांब रांगेतून सुटता.

मग बोर्गेझे. इथे बुकिंगशिवाय प्रवेशच नाही. दोन तासांची पाळी असते. पाळी संपली की सगळ्यांना बाहेर काढतात आणि पुढची पाळी आत घेतात. माणसं मोजकी सोडतात, त्यामुळे ही तिकिटं झटकन जातात.

शेवटी कोलोसियम. तिकिटं भेटीच्या तारखेच्या ३० दिवस आधी खुली होतात. १८ युरोच्या साध्या तिकिटात कोलोसियम, रोमन फोरम आणि पॅलेटाइन टेकडी तिन्ही येतात. खालचं तळघर किंवा आखाड्याची जमीन बघायची असेल तर २४ युरोचं वेगळं तिकीट आहे आणि त्याची मागणी जबर आहे. तळघराचं तिकीट पाहिजे असेल तर ३० दिवसांचा हिशोब कॅलेंडरवर करून ठेवा आणि त्या दिवशी संगणकासमोर बसा. घड्याळ रोमचं धरायचं. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेचार.

हवी ती वेळ मिनिटांत गायब होते, याला कारण होतं. बॉट (आपोआप बुकिंग करणारे संगणक प्रोग्रॅम) लावून तिकिटं उचलायची आणि गाइडसकट चढ्या भावाने विकायची, असा धंदाच चालला होता. २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने या प्रकरणात काही कंपन्यांना मिळून जवळपास २ कोटी युरोचा दंड ठोठावला. त्यामुळे पहिल्या दिवशी वेळ मिळाली नाही तर लगेच तिप्पट दराच्या मध्यस्थाकडे पळू नका. सलग दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ अधिकृत संकेतस्थळ बघा आणि मगच दुसरा विचार करा.

मुलांचं तिकीट. अठरा वर्षांखालच्यांना कोलोसियम आणि पँथिऑनला प्रवेश फुकट आहे, देश कुठलाही असो. पण फुकट म्हणजे बिनातिकीट नव्हे. कोलोसियमला शून्य रुपयांचं तिकीट त्याच बुकिंगमध्ये, त्याच वेळेचं काढावं लागतं. आपण दोन काढायची आणि मुलांचं दारात बघू म्हणायचं, असं केलंत की मुलं बाहेर आणि तुम्ही आत. उलट, अठरा ते पंचवीस वयाची सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. आपल्या कॉलेजातल्या मुलांचं पूर्णच तिकीट घ्या.

पँथिऑन जुलै २०२३ पासून तिकिटाचं झालं आहे. जुन्या प्रवासवर्णनांत ‘फुकट, कधीही जा’ असं वाचलं असेल तर ते विसरा. ऑनलाइन काढलेलं बरं.

सावध: बुकिंगच्या आदल्या दिवशी कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून सुरू करा. टोपलीतली तिकिटं थोडीच मिनिटं राखून ठेवलेली असतात. ओटीपी यायला उशीर झाला की सगळं पहिल्यापासून. दुसरं कार्ड हाताशी ठेवा.

तपासा: ईमेलमध्ये आलेलं तिकीट उघडून वार, तारीख, चोवीस तासांच्या घड्याळातली वेळ आणि नाव, चारही बघा. मग प्रत्येकाच्या फोनमध्ये उतरवून घ्या. तिथे नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

## टप्पा ५: बॅग आणि कपडे

सेंट पीटर्स, सिस्टीन चॅपल, पँथिऑन ही सगळी देवळंच आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांचे आणि पुरुषांचेही. मे-जूनच्या उन्हात हाफ पँट घातलेल्या पुरुषांनाच जास्त वेळा अडवतात, कारण त्यांना वाटतं नियम बायकांचा आहे. आमच्या पहिल्या फेरीत भाचीचा कुर्ता बिनबाह्यांचा होता. दाराशी पोचल्यावर लक्षात आलं. सासूबाईंनी पिशवीतून ओढणी काढून तिच्या खांद्यावरून घेतली आणि प्रश्न मिटला. तेव्हापासून माझ्या पिशवीत एक सुती ओढणी कायम असते.

पायांत बंद बूट घाला. जुन्या शहरातले रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे आहेत, दोन ठोकळ्यांत बोटभर फट. साडी चालते, पण नवी सँडल किंवा टाचेची चप्पल त्या फटीत अडकते आणि पाय मुरगळतो. दिवसाला बारा-पंधरा हजार पावलं सहज होतात. निघण्याआधी महिनाभर रोज चाला.

एक रिकामी प्लास्टिकची किंवा स्टीलची बाटली घ्या, काचेची नको. कोलोसियमच्या तपासणीत काच चालत नाही. रोमभर लोखंडी खांबासारखे नळ आहेत, अडीच हजारांच्या आसपास, वाकड्या नाकासारखी तोटी असलेले आणि अखंड वाहणारे. पाणी पिण्याचंच आहे. तोटीचं तोंड बोटाने बंद केलं की वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार वर उडते आणि न वाकता पिता येतं. बाबांना हे एकदा दाखवलं, मग ते दर चौकात नळ शोधत होते.

## टप्पा ६: कोलोसियमचा दिवस

सकाळी साडेआठची पहिली वेळ घ्या. तिकिटावरच्या वेळेच्या अर्धा तास आधी दाराशी पोचा, कारण पुढे सुरक्षा तपासणी आहे. पासपोर्ट मूळच न्या, नुसता फोनमधला फोटो नको.

१. आधी कोलोसियम. आत दीड तास पुरतो. वरच्या मजल्याच्या दगडी पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी तिथल्या कर्मचाऱ्यांना लिफ्टबद्दल विचारावं.

२. बाहेर पडून पोटाला आधार द्या, नळावर पाणी भरा.

३. मग पॅलेटाइन. व्हिया दी सान ग्रेगोरियो रस्त्यावरच्या दाराने आत जा. बहुतेक लोक फोरमच्या दारावर गर्दी करतात, त्यामुळे इकडे रांग छोटी असते. टेकडी आधी चढून घ्या आणि वरून उतरत उतरत फोरममध्ये या. उलट केलंत तर भर दुपारी, दमलेल्या पायांनी चढ चढावा लागतो.

सावध: फोरम आणि पॅलेटाइन मिळून एकच प्रवेश आहे. ‘जेवून परत येऊ’ म्हणून बाहेर पडलात की संपलं. आत सावली कमी आहे. टोपी आणि खाऊ बरोबर ठेवा.

सावध: कोलोसियममध्ये सामान ठेवायची खोली नाही आणि चाकांची बॅग आत नेता येत नाही. हॉटेल सोडण्याच्या दिवशी सामान घेऊन इथे येऊ नका.

बाहेर मनगटात दोरा बांधायला पुढे येणारे भेटतील, शिरस्त्राण घालून फोटोला बोलावणारेही. हात खिशात ठेवून चालत राहा. दोरा बांधला की पैसे मागतात.

## टप्पा ७: व्हॅटिकनचा दिवस

सगळ्यात जास्त चूक इथे होते, कारण ही दोन ठिकाणं आहेत आणि दोन दारं. सेंट पीटर्स बॅसिलिकाचं दार मोठ्या चौकातून आहे. म्युझियमचं दार उत्तरेकडच्या भिंतीत, व्हियाले व्हातिकानो रस्त्यावर. मध्ये भिंतीकडेने पंधरा-वीस मिनिटांची चाल. आम्ही म्युझियमची तिकिटं हातात घेऊन चौकातल्या रांगेत पाऊण तास उभे होतो आणि मग वळसा घालून धावत गेलो होतो. सासूबाईंचा चेहरा मला आजही आठवतो.

१. सकाळी सातला बॅसिलिका उघडते. तेव्हाच चौकात पोचा. ओत्ताव्हियानो हे मेट्रो स्टेशन. प्रवेश फुकट आहे, फक्त तपासणीची रांग असते आणि ती नऊनंतर फुगते.

२. घुमटावर जायचं असेल तर बॅसिलिका बघून लगेच. सगळ्या मिळून ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्टचं तिकीट घेतलं तरी ३२० उरतात, हे तिकीट काढताना लोकांच्या ध्यानात येत नाही. शेवटचा जिना घुमटाच्या वक्रतेबरोबर तिरका होतो, अंग एका बाजूला कलवून चढावं लागतं आणि मध्येच मागे वळायला जागा नसते. दमा, चक्कर किंवा गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी खाली चौकात बसावं, त्यात काही कमीपणा नाही.

३. म्युझियमची वेळ दहा-साडेदहाची घ्या. मध्ये नाश्ता आणि ती पंधरा-वीस मिनिटांची चाल बसते.

४. आत रस्ता बराचसा एकेरी आहे. सगळे ‘सिस्टीन’चे बाण धरून पळतात आणि चित्रकार राफाएलने रंगवलेल्या खोल्यांवरून घाईने जातात. सिस्टीनमधून मागे फिरणं अवघड आहे, तेव्हा राफाएल आधी नीट बघून घ्या. नकाशांचं दालन १२० मीटर लांब आहे. तिथे भिंतींबरोबर वरही बघा. स्वच्छतागृहाला चॅपलच्या आधीच जा.

५. सिस्टीनमध्ये फोटो नाही, बोलणं नाही. फोन खिशात. कडेच्या बाकावर जागा मिळेपर्यंत थांबा. उभ्याने मान वर करून पाच मिनिटांत मान दुखते. बसलं की अर्धा तास बघता येतं.

सावध: सिस्टीनमधून थेट बॅसिलिकात उतरणारं एक दार आहे आणि त्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. ते गाइडबरोबरच्या गटांसाठी राखलेलं असतं. त्याच्या भरवशावर दिवस आखू नका. शिवाय मोठी बॅग म्युझियमच्या दाराशी जमा केली असेल तर ती घ्यायला परत तिकडेच जावं लागतं. बॅसिलिका सकाळीच उरकली असली की हा प्रश्नच येत नाही.

## टप्पा ८: जुन्या शहराचा दिवस

सकाळी बोर्गेझे. पिशव्या बाहेर जमा कराव्या लागतात, म्हणून पाळीच्या अर्धा तास आधी पोचा. दोन तास पुरेसे आहेत, पण आधी वरच्या मजल्यावर जाऊन गर्दी खाली असेपर्यंत चित्रं बघून घेतली तर शिल्पांना शांत वेळ मिळतो.

तिथून बागेतून चालत स्पॅनिश पायऱ्यांवर या. या पायऱ्यांवर २०१९ पासून बसायला बंदी आहे आणि दंड ४०० युरोपर्यंत जाऊ शकतो. दमलेल्या आजींना नेमकं तिथेच बसावंसं वाटतं. त्याआधीच बागेत बसवून घ्या. मग पँथिऑन आणि पियाझ्झा नाव्होना हा चौक.

ट्रेव्ही कारंजं या दिवसाला जोडू नका. दुपारी तिथे पाणी दिसायच्या आधी माणसांची डोकी दिसतात. जेट लॅगमुळे तसंही पहिले दोन दिवस पहाटे चार-पाचला जाग येते. त्या वेळेचा उपयोग करा आणि उजाडताच ट्रेव्हीला जा.

शाकाहारी मंडळींसाठी एवढंच: कार्बोनारा आणि आमात्रिचाना या दोन्ही पास्त्यांत डुकराचं मांस असतं, नुसतं नाव वाचून मागवू नका. काचो ए पेपे म्हणजे चीज आणि मिरी. पण पेकोरिनो रोमानो चीज बनवताना प्राण्यांचं रेनेट (जठरातून काढलेला, दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरतात. जे हे कडक पाळतात त्यांनी टोमॅटोचा पास्ता किंवा चीज नसलेला पिझ्झा मारिनारा घ्यावा. त्यात लसूण असतो.

## टप्पा ९: विमानतळ आणि शहरातला प्रवास

फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्स्प्रेस थेट तेर्मिनीला जाते, ३२ मिनिटं, १४ युरो. चौघं असाल आणि सामान जड असेल तर शहराच्या जुन्या तटबंदीच्या आत जाण्यासाठी अधिकृत पांढऱ्या टॅक्सीचं ठरावीक भाडं ५५ युरो आहे. म्हणजे रेल्वेच्या चार तिकिटांपेक्षा एक युरो कमी, आणि तेही हॉटेलच्या दारापर्यंत. आगमन कक्षात ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणाऱ्यांबरोबर जाऊ नका. बाहेरच्या रांगेतूनच घ्या आणि बसण्याआधी भाडं बोलून घ्या.

शहरात बस-मेट्रोचं साधं तिकीट दीड युरोचं, १०० मिनिटं चालणारं, त्यात मेट्रोचा एकच प्रवास. कार्ड टेकवूनही जाता येतं, पण माणशी एक कार्ड. एकाच कार्डाने चौघांना आत सोडायचा प्रयत्न करू नका. कागदी तिकीट बसमध्ये चढताच पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या. शिक्का नसला तर तिकीट असूनही दंड बसतो.

तेर्मिनी, ए लाइन आणि व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस, इथे पाकीटमार असतात. पासपोर्ट आणि एक कार्ड कपड्यांच्या आतल्या पाऊचमध्ये, त्या दिवसापुरते पैसे पुढच्या खिशात, सॅक पोटाकडे. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स हॉटेलातल्या बॅगेत ठेवा आणि एक प्रत घरी कुणाकडे तरी देऊन जा.